कावलूरचा झाकलेला आरसा

घरात तीन-तीन आरसे असताना आरसा पाहायला कुणी नांदेडहून तामिळनाडूत जातं का? शेजारच्या काकूंनी असं विचारलं तेव्हा मलाही हसू आलं. पण आमच्या धाकटीचा हट्टच होता. "आई, एकदा माझ्याबरोबर कावलूरला चल. मग तुला काय सांगायचंय ते सांग."

मला काय सांगायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. एका मुलाचा फोटो आणि पत्रिका पर्समध्ये घालूनच मी निघाले होते. स्थळ चांगलं, माणसं ओळखीतली. अट एकच, मुलीनं बेंगळूरची नोकरी सोडायची. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली पोरगी, आणि काम काय, तर लेसर यंत्रांच्या आरशांवर लेप चढवण्याचं! पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा, तोंडाला पावडर नाही, डोळ्यांत काजळ नाही, हातात बांगडी नाही. एक कण पडला तरी आरसा बाद होतो म्हणे. कुणी विचारलं तर "कंपनीत आहे" एवढं बोलून मी विषय बदलत असे.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघी बेंगळूरहून निघालो. जोलारपेट जंक्शनला उतरलो आणि पुढं गाडी केली. वाणियंबाडी, आलंगायम ही गावं मागं पडली, की जवादीचे डोंगर सुरू होतात. वळणाचा रस्ता, कडेला चिंचेची झाडं आणि मग एकदम शांत झालेलं रान. समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासातशे मीटर उंचीवर वेणू बाप्पू वेधशाळा आहे. शहरांच्या दिव्यांपासून दूर आणि विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ अशी जागा हवी म्हणून खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांनी १९६० च्या दशकात हे ठिकाण निवडलं. इथली मोठी दुर्बीण पुरी झालेली मात्र त्यांना पाहता आली नाही. १९८२ साली ते गेले. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि तिला बाप्पूंचंच नाव देण्यात आलं.

घुमटात शिरलो आणि मान वर करून पाहतच राहिले. देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा! रात्रीची हवा आणि आतली हवा यांत फरक पडला तर चांदण्या थरथरलेल्या दिसतात, म्हणून दिवसा ऊन आत येऊ द्यायचं नाही. मध्ये तो अवाढव्य लोखंडी सांगाडा. "हा आपल्या वालचंदनगरला तयार झालाय," मुलगी म्हणाली. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं बघा.

"आणि आरसा कुठाय?"

"तो तिथं खाली, नळीच्या तळाशी. दिवसा झाकलेला असतो."

म्हणजे इतक्या लांब आरसा पाहायला आले, आणि आरशावर झाकण! मी कपाळाला हात लावला. माहिती सांगणारे गृहस्थ हसले. मग त्यांनी इंग्रजीत आणि मुलीनं मराठीत मला जे सांगितलं, ते ऐकून झाकणाची तक्रार मी मागं घेतली.

हा आरसा २.३४ मीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या डबल बेडपेक्षाही रुंद. त्याची काच खास असते. थंडी-उन्हानं ती जवळजवळ फुगत नाही, आक्रसत नाही. बेंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत ए. पी. जयराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घासून आकाराला आणली. घासायचं, थांबायचं, काच निवू द्यायची, तपासायचं आणि पुन्हा घासायचं. असल्या आरशाला मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासची अचूकता लागते. मला काही हे डोक्यात शिरेना. तेव्हा मुलगी म्हणाली, "असं समज, हा आरसा ताणून आपल्या महाराष्ट्राएवढा रुंद केला, तर त्यात कुठंही दोन बोटांपेक्षा जास्त उंचवटा निघता कामा नये."

पण नुसती काच म्हणजे आरसा नव्हे. तिला लेप हवा. इथंच माझ्या लेकीचं काम आलं.

मैत्रिणींनो, घरच्या आरशाला नखाचं टोक लावून पाहा. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसेल. कारण आपल्या आरशाचा लेप काचेच्या मागच्या बाजूला असतो. दुर्बिणीच्या आरशाचा लेप पुढं, अगदी उघड्यावर. प्रकाशाला काचेत शिरावंच लागत नाही. म्हणूनच त्याला फडक्यानं पुसायचं नाही, बोट लावायचं नाही.

हा लेप ॲल्युमिनियमचा. आरसा मोठ्या टाकीत ठेवून आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतात. मग ॲल्युमिनियमचे तुकडे इतके तापवतात, की त्यांची वाफ होते आणि ती काचेवर जाऊन बसते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ धरते, तसंच. हवा राहिली तर वाफेचे कण वाटेतच तिला धडकतात आणि लेप काळवंडतो. साधारण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका तो थर. मुलीनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. एवढ्या मोठ्या आरशावर बसणारं ॲल्युमिनियम जेमतेम सव्वा ग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापात सव्वा मासा! नाकातल्या नथीला याहून जास्त सोनं लागतं.

धूळ-दमटपणानं लेप मंदावला, की ठरावीक काळानं तो काढून नवा चढवायचा. भांड्यांना पूर्वी कल्हई करून घेत असू तसं. जुना लेप काढायला कॉस्टिक सोड्यासारखी द्रावणं चालतात, कारण सोडा ॲल्युमिनियमला खातो. तेव्हा लक्षात आलं, की ॲल्युमिनियमच्या पातेल्याला धुण्याचा सोडा लावू नये असं माझी आई का सांगायची!

"मग तूही असंच ॲल्युमिनियम चढवतेस?" मी विचारलं.

"नाही गं. ॲल्युमिनियम दहातला एक हिस्सा प्रकाश गिळतं. चांदण्यांना चालतं, पण तीव्र लेसरला ते झेपत नाही, आरसा जळायचा. आम्ही दोन पारदर्शक पदार्थांचे थर एकावर एक देतो. प्रत्येक थर प्रकाशलहरीच्या पावभागाइतका जाड. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, त्याच युक्तीनं सगळे थर मिळून प्रकाश परत फिरवतात. तुझ्या चष्म्यावर ती हिरवट झाक आहे ना, ती त्याचीच बहीण. फक्त तिचं काम उलटं. ती प्रकाश परतू देत नाही, आत सोडते."

चष्मा काढून मी उजेडाकडं धरला. चार वर्षं नाकावर होता आणि मी कधी पाहिलं नव्हतं.

अंधार पडल्यावर पाहुण्यांसाठीच्या लहान दुर्बिणीतून गुरू दाखवला. शेजारी ओळीनं टिकल्या लावाव्यात तसे त्याचे चंद्र. त्यांतल्या गॅनिमीड नावाच्या चंद्राभोवती विरळ वातावरण असावं, याचा पुरावा १९७२ साली इथल्याच एक मीटरच्या दुर्बिणीतून मिळाला होता. तो चंद्र एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा ताऱ्याचा उजेड कसा कमी झाला, यावरून. एवढासा फरक ओळखायचा तर आरसा किती चोख हवा! माझ्या मागं लहान पोरं रांगेत ताटकळली होती, तरी माझा डोळा काही हलेना.

परतीच्या वाटेवर मुलगी हळूच म्हणाली, "आई, औंढ्याजवळ लायगो होतंय ते ठाऊक आहे ना?"

औंढा नागनाथ म्हणजे माझं माहेरच. हिंगोली जिल्ह्यातल्या या प्रकल्पासाठी केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले, हे मी वाचलं होतं. पण त्याचा आरशांशी काही संबंध असेल हे ध्यानीमनी नव्हतं. अमेरिकेत अशी दोन केंद्रं आहेत. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांतून लेसर परतवणारे चाळीस-चाळीस किलोचे आरसे. त्यांच्यावरही असेच थरांचे लेप. दूर कुठं कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणारा तरंग त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपला.

"तिथं मला जायचंय," ती म्हणाली. "घेतील का ठाऊक नाही. पण आत्ता हात सुटला तर कधीच जमणार नाही. पाच वर्षांनी परत येऊन लेप चढवता येत नाही, आई."

मी पर्सवर हात ठेवला होता. फोटो काढला नाही. उलट तिचा हात हातात घेतला. बांगडी नव्हती, पण बोटं कशी स्वच्छ, नखं बारीक कापलेली. पोळ्या लाटताना माझाही हात असाच ठरलेला असतो.

घरी आल्यावर ह्यांच्याशी बोलले आणि मुलाच्या आईला मीच फोन लावला. "मुलगी काम सोडणार नाही. हे चालत असेल तर आनंदानं पुढं बोलू." त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. शेजारच्या काकूंनी मात्र लगेच विचारलं, "काय, दिसला का आरसा?" म्हटलं, "नाही हो, झाकलेला होता." आणि लेक काय करते ते पहिल्यांदाच त्यांना नीट सांगितलं. चहा दोनदा झाला.

जायचं असेल तर पाहुण्यांचे वार आणि वेळ आधी विचारून घ्या. डोंगरावर रात्री गारठा असतो, शाल न्या. डबा बरोबर असू द्या. आणि घरातली शिकती मुलगी असेल, तर तिला जरूर न्या.