वाळलेलं कारवानी

लातूर जिल्ह्यात कारवानी कुत्र्याचं वेड जुनं. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर या कुत्र्यांमुळंच ओळखलं जातं. कानाला-शेपटीला लांब मऊ केस असलेलं ते पश्मी, आखूड केसांचं ते कारवानी. निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि लांबसडक पाय. एकेकाळी ही कुत्री सशाच्या शिकारीसाठी पाळली जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद केलं. आता ती आखाड्याची राखण करतात. निलंग्याजवळ आमच्या रानातल्या आखाड्यावर असंच एक आहे, हरण्या. चांगलं वयात आलेलं, पिल्लूपण कधीच मागं पडलेलं.

कारवान्याची एक अडचण असते. अंगानं बारीक असणं हेच त्याचं चांगलं लक्षण. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तरच जातिवंत म्हणतात. त्यामुळं ते आजारानं उतरत असलं तरी बघणाऱ्याला मूळची अंगकाठीच वाटते. हरण्याचं वाळणं म्हणूनच वजनावरून नाही, धावण्यावरून ध्यानात आलं. डांबरी सोडून मी पाणंदीला लागलो की तो मोटारसायकलच्या पुढं धावायचा. त्या पावसाळ्यात तो निम्म्या वाटेतच थांबू लागला. भाकर-दूध पूर्वीइतकंच खायचा, पण अंगावरची चकाकी गेली होती आणि केस राठ झाले होते. एकदा जबडा उघडून बघितलं. हिरड्या गुलाबी असतात, त्या पांढुरक्या दिसल्या. विष्ठा काळपट, चिकट.

आखाड्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. आमचा सालगडी म्हणाला, "सर, कुत्रं लई वाळायलंय. कडुलिंबाचा पाला वाटून पाजा." शेजारच्या रानातले आबा म्हणाले, "शेळ्यांच्या जंताचं औषध हाय की घरात. त्यातलंच घोटभर द्या, काय होतंय!" तिसऱ्यानं निकालच दिला, "मोठ्या कुत्र्याला कुठं जंत होतेत? ते पिल्लाला होतेत."

हा समज आपल्याकडं घट्ट आहे आणि त्यात थोडं खरंही आहे. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं, ओकारीत लांब पांढरे जंत पडतात, ते गोलकृमी. मोठ्या कुत्र्यात या गोलकृमीच्या अळ्या बहुधा आतड्यात वाढत नाहीत; त्या मांसात निपचित पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भातल्या पिल्लांत शिरतात. म्हणून पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं आणि आई मात्र धडधाकट दिसते. पण अंकुशकृमी, चाबूककृमी आणि पट्टकृमी यांना वयाचं बंधन नाही. ते कुठल्याही वयाच्या कुत्र्याच्या आतड्यात सुखानं नांदतात.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हरण्याला तपासायच्या आधी विचारलं, "शी आणलीत का?" नव्हती. मग त्यांनी रीत सांगितली. सकाळची ताजी विष्ठा घ्यायची, मातीला लागलेला भाग सोडून वरचा, सुपारीएवढा, झाकणाच्या स्वच्छ डबीत. उन्हात वाळलेली नको आणि कालची तर नकोच, कारण उष्ण हवेत अंकुशकृमीची अंडी एका दिवसातच फुटून अळ्या बाहेर पडतात. मग काचेवर काय दिसायचं?

दुसऱ्या दिवशीची तपासणी मी बाजूला उभा राहून बघितली. विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवली. पाणी असं की त्यात आणखी मीठ विरघळणारच नाही. ते गाळून छोट्या नळीत काठोकाठ भरलं आणि वर पातळ काच ठेवली. विष्ठा जड म्हणून खाली बसते, अंडी हलकी म्हणून तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. पाव तासानं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. डॉक्टरांनी मला बघायला सांगितलं. लांबट गोल, अगदी पातळ कवचाची अंडी, आत पेशींचा पुंजका. एक नाही, नजर जाईल तिथं. "अंकुशकृमी," ते म्हणाले. "हा रक्त पितो."

या किड्याच्या तोंडात दातांच्या तीन जोड्या असतात. आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन तो रक्त ओढतो, मग जागा बदलतो आणि सोडलेली जखम वाहतच राहते. काळपट विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त. रक्ताचा अहवाल आला तेव्हा आकडे मला फार वाईट वाटले नाहीत. डॉक्टरांना वाटले. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्यांत तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात. गावातल्या साध्या कुत्र्याला जो आकडा बरा, तो याच घडणीच्या कुत्र्याला कमी धरावा लागतो.

मग त्यांनी हरण्याची शेपटी उचलली. गुदद्वाराभोवतीच्या केसांत काकडीच्या बियांएवढे पांढरट तुकडे चिकटले होते, त्यातला एक चक्क हलत होता. हे पट्टकृमीचे तुटलेले भाग. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात सहसा सापडत नाहीत, ती डोळ्यांनीच शोधावी लागतात. हा पट्टकृमी पिसवांतून येतो. पिसूची अळी त्याची अंडी खाते, ती पिसू झाल्यावर कुत्रं अंग चावताना तिला गिळतं. म्हणजे पिसवा राहिल्या तर गोळी देऊनही काही आठवड्यांत पुन्हा तेच.

औषध वजनावर असतं. दवाखान्यातला काटा त्या दिवशी बंद होता. मोंढ्यात सोयाबीन मोजायच्या काट्यावर मी हरण्याला कडेवर घेऊन उभा राहिलो, मग एकटा. वजाबाकी 24 किलो आली. हमाल हसून म्हणाले, "सर, ह्याचा भाव काय लावायचा?" प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल असलेली गोळी दहा किलोला एक, म्हणजे अडीच गोळ्या. सोबत लोहाचं टॉनिक आणि पिसवांचं औषध. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच डोस, कारण मांसात दडलेल्या अंकुशकृमीच्या अळ्यांपर्यंत गोळी पोचत नाही. आतडं रिकामं झालं की त्या उतरून जागा घेतात. शेळ्यांच्या औषधाचं मी विचारलं. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यातल्या अल्बेंडाझोलनं कुत्र्याच्या हाडातल्या मगजावर वाईट परिणाम होऊ शकतो, आणि घोटभर हे काही माप नाही.

खरं काम मात्र आखाड्यावर होतं. हरण्या बसायचा ती जागा हौदाखालची, सदा ओली आणि सावलीची. तो तिथंच खड्डा उकरून झोपायचा, आसपासच घाण करायचा. अंकुशकृमीच्या अळीला ऊब, ओल आणि सावली, एवढंच लागतं. ती तोंडातून तर जातेच, कातडीतूनही शिरते. हे माणसाला कळलं तेही योगायोगानं. 1890 च्या दशकात कैरोत काम करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर माणसातल्या अंकुशकृमीच्या अळ्या सांडल्या. हाताला खाज सुटली आणि पुढं त्याच्याच विष्ठेत अंडी सापडली. कुत्र्यातली अळी माणसाच्या कातडीत शिरली तर सहसा आतड्यापर्यंत पोचत नाही, कातडीखाली वेड्यावाकड्या लाल रेघा काढत हिंडते आणि खाजवून बेजार करते. आमच्या हौदाजवळ सालगड्याची लेकरं अनवाणी खेळतात. हौदाची गळती बंद केली, खड्डा मुरमानं भरला, हरण्याला कोरड्यात बाज दिली आणि त्याची घाण रोज उचलून खोल पुरायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट रविवारच्या मटणाची. दुकानामागं कुत्र्यांचा घोळका असतो आणि फोपसं, काळजाचे खराब तुकडे त्यांच्यापुढं पडतात. शेळी-मेंढीच्या काळजात किंवा फोपशात कधी पाण्यानं भरलेल्या गाठी निघतात. त्या एका वेगळ्या, अगदी बारीक पट्टकृमीच्या गाठी असतात. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात किडा वाढतो. कुत्र्याला काही होत नाही, पण विष्ठेतून अंडी पडतात, ती चाऱ्यावाटे मेंढीत आणि हातावाटे, भाजीवाटे माणसात जातात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षं वाढतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या घरी कुत्र्यासाठी येणारी वजडी-फोपसं आता शिजवल्याशिवाय त्याच्या पुढ्यात जात नाहीत, आणि गाठ दिसली तर सरळ जाळायची.

दुसऱ्या डोसनंतरच्या तपासणीत काच स्वच्छ निघाली. हिरड्यांना रंग यायला त्याहून जास्त वेळ लागला. पाणंदीला हरण्या आता पुन्हा मोटारसायकलच्या पुढं असतो.

2015 पासून आपल्या शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला लेकरांना गोळी दिली जाते. लेकरू ज्या अंगणात खेळतं त्याच अंगणात बांधलेल्या कुत्र्याची आठवण मात्र कुणाला येत नाही. मोकळं हिंडणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध लागतं, तेही तोलून आणि डॉक्टरांना विचारून. वर्षातून एकदा तरी त्याची विष्ठा तपासून घ्या, म्हणजे कुठला जंत आहे ते कळतं आणि औषध नेमकं पडतं. आणि कच्ची फोपसं-काळीज कुत्र्यापुढं टाकणं आजच थांबवा. ते थांबलं नाही, तर गोळीवरचा खर्च फुकट आहे.