पाखरांची बेगमी

बेगमी हा शब्द आता घराघरांतून निघून चालला आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान झाले आणि वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवण्याची गरज उरली नाही. आमच्या बार्शीकडे मात्र माझ्या लहानपणी उन्हाळा म्हणजे बेगमीचे दिवस. ज्वारी किती पोती, तूर किती, गुळाच्या ढेपा किती, हा सारा हिशेब आई तोंडानेच करी. घरात माणसे सात. पण ती हिशेब धरी दहांचा. पाहुणा काही सांगून येत नाही, असे तिचे म्हणणे. ही विद्या पाहून पाहून मलाही थोडीबहुत आली. पण तिचा उपयोग पुढे इंग्लंडात, आणि तोही पाखरांच्या जेवणासाठी व्हायचा आहे, असे कुणी तेव्हा सांगितले असते तर आई पोट धरून हसली असती.

मी इंग्लंडच्या पश्चिमेला हेरफर्डशायर परगण्यातल्या एका खेड्यात राहतो. तांबडी माती, सफरचंदांच्या बागा आणि पांढऱ्या तोंडाच्या तांबूस गाई, असा हा मुलूख. तिथे आठ जणांचे एक शिकारमंडळ आहे. शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मचाण येते, हाकारे येतात आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून छबी काढून घेणारे संस्थानिक येतात. इकडच्या बड्या जहागिरींवर फेझंट पक्ष्याची शिकार अजून तशाच थाटात चालते. आमच्या मंडळात मात्र एक पोस्टमन आहे, एक गवंडी आहे, एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आहे, आणि जन्मभर गाई राखलेला एक म्हातारा आहे. एका शेतकऱ्याच्या दोनशे एकरांवरचा शिकारीचा हक्क त्यांनी खंडाने घेतला आहे. पगारी माणूस एकही नाही. कुंपण बांधायचे, दाणा टाकायचा, हाका घालायचा, सारे आपल्याच हातांनी आणि तेही कामावरून सुटल्यावर.

मी बंदूक कधी हाती धरलेली नाही. आमचे घर माळकरी. अंडेसुद्धा घरात येत नसे. पण या मंडळींना हिशेब ठेवणारा हवा होता. गवंडी एके दिवशी दारात येऊन म्हणाला, “तुम्हाला बेरीज येते. आम्हाला फक्त खर्च येतो.” या बोलण्यावर नाही कसे म्हणणार? वही माझ्याकडे आली, आणि वहीबरोबर पाखरांच्या दाण्याची योजनाही आली.

हा फेझंट मूळचा इंग्लंडचा नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्जिया देशात, रिओनी नावाची नदी आहे. ग्रीक लोक तिला फासिस म्हणत. तिच्यावरून या पक्ष्याला नाव मिळाले. कुणी म्हणतात रोमनांनी त्याला इकडे आणले, कुणी म्हणतात नॉर्मनांनी. काही असो, पाखरू आशियातले. नात्याने कोंबडीचे आणि आपल्या मोराचे भाऊबंद. नराची मान हिरवीनिळी, डोळ्यांभोवती लाल, अंगावर तांब्याची झळाळी आणि मागे लांबलचक शेपूट. शेतातून तो असा ऐटीत चालतो की सातबारा त्याच्याच नावावर असावा. पण दरवर्षी कोट्यवधी पिल्ले पाळून रानात सोडली जातात, तेव्हा कुठे शिकारीपुरती ही ऐट टिकते.

आता दाण्याचे गणित. पिल्ले येतात जुलैच्या अखेरीस, सहा-सात आठवड्यांची असताना. रानात जाळीचे मोठे आवार केलेले असते, त्यात ती सोडायची. सुरुवातीला त्यांना गोळीपेंड लागते, कारण वाढत्या अंगाला प्रथिने हवीत. मग त्या पेंडीत हळूहळू गहू मिसळायचा. आठवड्या-आठवड्याला पेंड कमी, गहू जास्त, असे करत सप्टेंबरात ती निव्वळ गव्हावर येतात. मोठे पाखरू दिवसाला साधारण ५० ग्रॅम गहू खाते. म्हणजे एक मूठभर. पण पाखरे ३०० धरली, तर दिवसाला १५ किलो झाले. सप्टेंबर ते जानेवारी असे दीडशे दिवस धरले, तर २,२५० किलो. आपल्या जुन्या मापाने सुमारे साठ मण! एका मुठीचे साठ मण कसे होतात, हे बेगमी करणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही; पुरुषांना मात्र दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

पण निव्वळ गुणाकाराने योजना होत नाही. ऑक्टोबरात रान स्वतःच भरल्या घरासारखे असते. ओकची फळे पडलेली, ब्लॅकबेरी पिकलेली, बागेत सफरचंदांचा सडा, कापलेल्या शेतात सांडलेले दाणे. तेव्हा पाखरे आमच्या गव्हाकडे वळूनही पाहत नाहीत. कुणाला वाटेल, बरे झाले, दाणा वाचला. वाचत काही नाही. रान खायला घालू लागले की पाखरू चालू लागते. चालत चालत ते ओढा ओलांडून शेजारच्या रानात जाते, आणि तिथले मंडळ आपल्या आधी त्याची वाट पाहत असते. म्हणून दाणा टाकायचा तो निव्वळ भूक भागवण्यासाठी नव्हे. त्याला घराची सवय लावण्यासाठी. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जायचे, तीच शीळ घालायची. रानवाटेवर गव्हाचे काड पसरायचे आणि त्यात दाणे विखरायचे, म्हणजे पाखरे तासन्‌तास उकरत बसतात. उघड्यावर ढीग केला तर दहा मिनिटांत पोट भरते आणि पाय मोकळे होतात.

याखेरीज पिंपे असतात. चार पायांवर उभे केलेले पिंप, बुडाला तारेची गुंडाळी. चोच मारली की दोन-चार दाणे खाली पडतात. कुंपणाच्या आडोशाला, वारा लागणार नाही आणि कोल्हा दबा धरू शकणार नाही, अशा जागी ती ठेवायची. उंदीर, घुशी आणि करड्या खारी यांचाही वाटा धरावाच लागतो. जानेवारीत माती गोठली आणि रान रिकामे झाले, म्हणजे पिंपे भराभर उतरतात. माझ्या वहीत म्हणूनच प्रत्येक महिन्याचा रकाना वेगळा आहे: ऑक्टोबर हलका, जानेवारी जड.

हा रकाना भरताना मला हटकून आमच्या चुलतीची आठवण होते. ज्वारी हुरड्यात आली की ती मळ्यातल्या माळ्यावर उभी राही आणि गोफण फिरवी. “हाऽऽ हुर्र” अशी तिची आरोळी दोन शेतांपलीकडे ऐकू जाई. पाखरांना दाण्यापासून दूर ठेवण्यात तिचा जन्म गेला, आणि पुतण्या पाखरांना दाण्यावर बोलावण्याचा हिशेब लिहितो. पण एक सांगतो, पाखरांची नस दोघांनाही सारखीच ठाऊक असावी लागते. कोणत्या वेळी उतरतात, कुठून येतात, कशाला भितात, हे ज्याला कळत नाही त्याला पाखरे राखताही येत नाहीत आणि हाकलताही येत नाहीत.

माझी धाकटी बहीण बार्शीलाच असते. तिला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, म्हणजे तुम्ही त्यांना खाऊ घालायचं, आणि मग त्यांनाच मारायचं?”

प्रश्न सरळ आहे आणि त्याला सरळ उत्तर माझ्यापाशी नाही. बोकड पाळणाराही हेच करतो, असे म्हणता येईल. सोडलेल्या शंभरातली साधारण तीस-चाळीसच बंदुकीला लागतात. बाकीची कोल्ह्याच्या, मोटारींच्या आणि थंडीच्या वाट्याला जातात, काही जगतात, असेही सांगता येईल. मारलेले पाखरू इथे टाकून देत नाहीत, पोस्टमनची बायको त्याची उत्तम भाजणी करते, हेही खरे. पण ही सारी उत्तरे मारणाऱ्याची आहेत. मी तर घालणारा. माझी बेचैनी वेगळी होती, आणि ती कशाची होती हे मला २०२२ सालच्या हंगामात कळले.

ते वर्षच विचित्र गेले. फ्रान्सात बर्ड फ्लूची साथ आली, आणि तिथून येणारी अंडी व पिल्ले थांबली. कित्येक मंडळांना त्या वर्षी शिकारच करता आली नाही. आम्हाला कशीबशी २०० पिल्ले मिळाली. तिकडे युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि गव्हाचा भाव मे महिन्यात टनाला ३०० पौंडांच्या वर चढला. दोन वर्षांपूर्वी तो २०० च्या आत होता. सुगीनंतर थोडा उतरला. आमच्या शेतकऱ्याने जुनी ओळख म्हणून अडीचशेने दिला. डिसेंबरात आठवडा-दीड आठवडा कडक हिवाळा पडला आणि पिंपे पाहता पाहता रिकामी झाली. जानेवारीच्या बैठकीत वहीत शिल्लक जवळपास शून्य होती.

इथे फेझंटच्या शिकारीची मुदत १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. गवंड्याने मुद्दा मांडला, “२ तारखेपासून दाणा बंद. हंगाम संपला, मग पैसे कशाला?” त्याचे बोलणे गैर नव्हते. त्याच्या हातात तेव्हा काम कमी होते आणि घर उबदार ठेवण्याचा खर्चही त्या हिवाळ्यात सर्वांनाच जड जात होता. शिवाय कायदाही त्याच्याच बाजूने. आवारातून सुटलेले पाखरू कुणाच्याच मालकीचे नसते. मारले जाईपर्यंत ते रानाचे. मालकी नाही, तर जबाबदारी तरी कुठली?

पण रानाची गोष्ट उलटी आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे दिवस पाखरांना सर्वांत वाईट. मागच्या वर्षाचे बी संपलेले, नवे आलेले नाही, किडे अजून निघालेले नाहीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत मादीला अंडी घालून तेवीस-चोवीस दिवस उबवायची असतात. घरट्यावरून ती दिवसातून जेमतेम एकदा उठते. अंगात सत्त्व नसेल तर ती ते कुठून आणणार? पाच महिने आपणच त्यांना आपल्या शिळेची सवय लावलेली, रानात स्वतः हिंडून खाण्याऐवजी पिंपाशी आणून उभे केलेले. तोवर दाण्यात आमचा स्वार्थ होता. स्वार्थ संपला त्याच दिवशी हात आखडला, तर आधीचे सारे घालणे म्हणजे केवळ गळाला लावलेले आमिष ठरते. माझी बेचैनी होती ती ही.

मी वही उघडली आणि बैठकीतच हिशेब मांडला. उरलेली पाखरे अदमासे ७०. दिवसाला साडेतीन किलो. २ फेब्रुवारी ते मेअखेर ११९ दिवस. सुमारे ४१६ किलो, म्हणजे १०४ पौंड. आठांत वाटले तर माणशी १३. आईचे दहा माणसांचे गणितही मी त्यांना सांगितले. कुणी काही बोलेना. मग तो गाई राखणारा म्हातारा आपला पेला खाली ठेवून म्हणाला, “गाय आटली म्हणून तिचा चारा बंद करणारा गोठेवाला मी एकच पाहिला. त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी कोणी कामाला राहिले नाही.” गवंड्याने पाकीट काढले, दहाची एक नोट आणि तीन नाणी मोजून वहीवर ठेवली आणि म्हणाला, “लिहा.”

त्या फेब्रुवारीत पिंपे भरायला बहुतेक मीच जात असे, कारण रिकामा मीच. तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. पिंपाखाली फेझंट असतच, पण त्यांच्या भोवती सांडलेल्या दाण्यांवर चॅफिंचांचे थवे उतरत, पिवळ्या डोक्याचे यलोहॅमर येत. इंग्लंडच्या शेतांतून ही पाखरे गेल्या काही दशकांत फार कमी झाली आहेत; म्हणून हिवाळाअखेर त्यांना एप्रिलपर्यंत दाणा टाकणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारी योजनेतून पैसे देण्याचीही रीत निघाली. आमच्या तेरा पौंडांत त्यांचीही पंगत उठली. बहिणीला हे कळवले. ती म्हणाली, “मारणं मला पटत नाही ते नाहीच. पण हे बरं केलंत.” यापेक्षा अधिक मीही मागितले नव्हते.

तेव्हापासून आमच्या योजनेत फेब्रुवारी ते मे हे चार रकाने कायमचे आले आहेत, आणि ते जुलैतच, पिल्लांचे पैसे भरताना, आधी भरले जातात. पैसे कमी पडले तर पिल्ले कमी आणायची, ते रकाने रिकामे ठेवायचे नाहीत, असे ठरले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पिंपे धुऊन पालथी घालत होतो. कुंपणाच्या कडेच्या गवतातून एक मादी निघाली आणि तिच्या मागे बोटभर उंचीची सात-आठ पिल्ले. माझ्या पायाशी थोडा गहू सांडलेला होता. पिल्लांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पहिले काही दिवस त्यांना किडेच लागतात. ते गवतात असतात, पोत्यात नाही. आई पुढे चालत राहिली, आणि ती सारी गवतात उड्या मारीत, टोचीत, तिच्यामागून निघून गेली.