ऐन वैशाखातली हुडहुडी

१९९६ मध्ये माझं सिझेरियन झालं, ते ऐन वैशाखात. बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि मी टेबलावर कुडकुडत होते. दातखिळी बसायची वेळ आली होती. बाळ दाखवायला आणलं, तर धरायची हिंमत झाली नाही. वाटलं, आता मी काही वाचत नाही! "बऱ्याच जणींना होतं हो," नर्सबाई म्हणाल्या. का होतं, ते कुणीच सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सुनेची वेळ आली, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलंच. पाठीत इंजेक्शन दिलं, की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पोटाछातीतली ऊब पायांकडे पसरते आणि आतलं तापमान उतरतं. त्यात थिएटरचा गारठा. म्हणून त्यांनी सुनेला आधीपासूनच गरम हवेच्या पांघरुणात ठेवलं, सलाईनही कोमट करून लावलं. तरीही कापरं भरलंच, तर औषध तयार होतं. माझ्या वेळी मला साधं जादा ब्लँकेट मागायलाही सुचलं नव्हतं!

खोलीत आणल्यावर सून म्हणाली, "आई, थोडी थरथरले, पण पिल्लाला धरून होते मी."

घरून नेलेली गोधडी पिशवीतच राहिली.