प्रोसेसर की मदरबोर्ड?

कॉम्प्युटर बंद पडला की घरातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. आणि त्या कॉम्प्युटरचा वेग कुणी वाढवलेला असेल, तर डॉक्टरचा न्यायाधीश व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. निकाल आधी, तपास नंतर! "ओव्हरक्लॉक केलंस ना? मग भोग आता." हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की, या विषयावर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी (आत्या, हे खास तुझ्यासाठी) थोडक्यात सांगतो. प्रोसेसर किती वेगाने चालवायचा हे कंपनी ठरवून देते. पण ते ठरवताना थोडी जागा राखून ठेवलेली असते. ती जागा वापरून घेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए या बाबतीत अगदी दंतकथा झाला होता. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर बिनतक्रार ४५० ला पळायचा. स्वस्तातल्या मालातून महागाचं काम! आपल्या मध्यमवर्गीय मनाला यापेक्षा मोठा आनंद कुठला?

उमरग्यात माझी ताई असते. तिथला कॉम्प्युटर तसा भाच्याचा, पण हंगामात त्यावर दाजींचाही हक्क असतो. दाजी फॉर्म भरून द्यायचं काम करतात. सातबारा, दाखले आणि पावसाळा लागला की पीक विमा. केंद्रावर गर्दी झाली की उरलेले कागद रात्री घरी येतात. २०२४च्या जूनमध्ये, म्हणजे नेमक्या हंगामाच्या तोंडावर, हा कॉम्प्युटर कामाच्या मध्येच फट्कन बंद पडायला लागला. भाच्याने वर्षभरापूर्वी त्याचा वेग ३.६ वरून ४.२ गिगाहर्ट्झ केला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागलेला. "प्रोसेसर जाळला पोरानं," दाजी म्हणाले. भाचा गप्प. मी त्या आठवड्यात तिथेच होतो, म्हणून म्हटलं, आधी बघू तरी.

अशा वेळी पहिलं काम एकच. सगळं मूळ पदावर आणायचं. बोर्डवरचा सेल काढून बायोसची सेटिंग्ज पुसून टाकली, वेग पुन्हा ३.६. आता कॉम्प्युटर नीट चालला असता तर दुखणं फक्त वाढवलेल्या वेगाचं होतं असं म्हणता आलं असतं. पण नाही. दुसऱ्याच दिवशी पुन्हा अंधार.

मग एकेक संशयित. धूळ झाडली, थर्मल पेस्ट नवीन लावली. खोली २५ अंशांवर असताना जो भाग ६० पर्यंत तापतो, तो खोली ४० ची झाली की ७५ च्या घरात जातो. आपल्याकडचा उन्हाळा कॉम्प्युटरच्या पुस्तकात धरलेला नसतो. तरीही आमच्या प्रोसेसरचं तापमान ७२ च्या वर जात नव्हतं, म्हणजे धोक्याच्या बरंच खाली. रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवली. एकही चूक नाही. ओळखीच्या दुकानातून एसएमपीएस उसना आणून लावला. तरी तेच! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र मोडला नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कॉम्प्युटर सुधारतो, पण आपल्याला काहीच कळत नाही.

राहिले दोघं. प्रोसेसर आणि मदरबोर्ड. खरी पंचाईत इथे आहे. पूर्वी रॅमशी बोलायचं काम मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे असायचं. २००३ साली एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि २००८ साली इंटेलने नेहॅलेममध्ये ते प्रोसेसरच्या पोटातच घातलं. तेव्हापासून रॅमची तक्रार आली तरी दोष बोर्डाचा की प्रोसेसरचा हे नुसत्या लक्षणांवरून सांगणं कठीण झालंय. दोघांचा संसार इतका एकत्र, की भांडण कुणी सुरू केलं ते शेजाऱ्याला कळत नाही.

तरी काही खुणा असतात. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांमुळे प्रोसेसर झिजतो, अगदी खराखुरा. आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू प्रवाहाबरोबर कणाकणाने सरकत जातात. असा झिजलेला प्रोसेसर काल ज्या व्होल्टेजवर सुखाने चालायचा, त्यावर आज अडखळतो. निळा स्क्रीन देतो, हिशेब चुकवतो आणि बऱ्याचदा दर वेळी तोच एक कोअर चुकतो. आम्ही प्राइम९५ लावलं. हा प्रोग्रॅम मोठमोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला, पण जगभर लोक तो प्रोसेसरला घाम फोडायला वापरतात. आमचा प्रोसेसर एकही हिशेब चुकला नाही. निळा स्क्रीन नाही, काही नाही. आणि पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला सगळं एकदम बंद.

तेव्हा सहज म्हणून कॅबिनेट उघडं ठेवून घरातला टेबलफॅन प्रोसेसरच्या शेजारच्या भागावर रोखला. कॉम्प्युटर दोन तास चालला! प्रोसेसरचं तापमान मात्र जवळपास तेवढंच.

त्या भागात असतो वीज देणारा विभाग, व्हीआरएम. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट तो सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवतो. आता गणित बघा. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. भाच्याने व्होल्टेज १.२ वरून १.३८ केलं होतं. वेग आणि व्होल्टेज मिळून वीज साधारण दीडपट. ६५ वॉटचे १०० वॉट. आणि १.३८ व्होल्टला १०० वॉट म्हणजे ७२ अँपिअर! घरातल्या जाड सॉकेटची मर्यादा १६ अँपिअरची. इथे ७२ अँपिअर, नखाएवढ्या चिप्समधून, आणि आमच्या स्वस्त बोर्डावर त्यांच्या डोक्यावर हीटसिंकसुद्धा नव्हती.

शेवटचा पुरावा म्हणजे अदलाबदल. इथे एक पथ्य आहे. संशयित प्रोसेसर चांगल्या बोर्डात घालून बघावा. चांगला प्रोसेसर संशयित बोर्डात घालू नये, कारण बिघडलेला बोर्ड त्याचाही बळी घेऊ शकतो. उमरग्यात त्या सॉकेटचा बोर्ड कुणाकडे मिळेना. म्हणून भाचा प्रोसेसर डबीत घालून एसटीने सोलापूरला गेला. एका दुकानदाराने रात्रभर आपल्या बोर्डात चालवून बघितला. ठणठणीत! प्रोसेसर निर्दोष सुटला.

आमचा हा उद्योग चालू होता त्याच सुमारास जगातही असाच एक खटला चालला होता. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होत होते. कुणी मदरबोर्डवाल्यांच्या सेटिंग्जना बोल लावला, कुणी वापरणाऱ्यांच्या हौसेला. २०२४च्या जुलैमध्ये इंटेलनेच सांगितलं की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमुळेच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. पुढे सुधारणा आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते सुधारणेने बरे झाले नाहीत. वेगाला हातही न लावलेल्या किती जणांनी तोवर "तुम्हीच काहीतरी केलं असेल" हे ऐकून घेतलं असेल!

आमच्याकडे मात्र गोष्ट इतकी सरळ नव्हती. बोर्ड गेला होता आणि तो वॉरंटीत होता. वॉरंटीच्या फॉर्मवर एक रकाना होता. वस्तू ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर वापरली होती का? दुकानदार म्हणाला, "नाही लिहा. कोण बघतंय?" आणि खरंच, कोण बघणार होतं? तपासासाठी आम्ही बायोस पुसला, तेव्हाच पुरावाही पुसला गेला होता. शिवाय, बोर्ड फक्त ओव्हरक्लॉकिंगने गेला असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. उन्हाळा होता, नसलेली हीटसिंक होती. 'नाही' लिहायला कारणं पुष्कळ होती.

भाच्याने मला विचारलं, "मामा, काय लिहू?" मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "दिवसभर आपुन लोकांना काय सांगतो? पेरलंय तेच लिव्हा. सोयाबीन पेरून तूर लावू नका. मग?"

भाच्याने 'हो' लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला.

तोवर दाजींनी उरलेले फॉर्म केंद्रावर रात्री अकरापर्यंत बसून भरले. घरी आले की जेवायचे, झोपायचे. "प्रोसेसर जाळला" हे वाक्य त्यांनी परत उच्चारलं नाही. भाच्याला ते चुकीचं होतं असंही सांगितलं नाही (आमचे दाजी!). नव्या बोर्डाचे पैसे अर्धे त्यांनी दिले, अर्धे भाच्याने ग्राफिक्स कार्डासाठी साठवलेल्यातून काढले. बोर्ड निवडायला मात्र दोघं मिळून सोलापूरला गेले आणि दाजींनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला म्हणे, "ह्याला हीटसिंक कुठंय, दाखवा बरं."

असो. तोच प्रोसेसर आता ३.६ वर चालतो आहे. भाचा म्हणतो, व्होल्टेज थोडं कमी करून बघू, उन्हाळ्यात बरं पडेल. हे मात्र करून बघायला हरकत नाही. तुमच्यापैकी कुणी केलंय का? मराठवाड्यातल्या मे महिन्यात काय अनुभव आला, ते जरूर कळवा.