आप्पांचा सिरीज बल्ब आणि आमचा मिनी ट्रॅक्टर



सुरतचा मराठी माणूस म्हटलं की उधना, लिंबायत, डिंडोली, लूम, साड्या, हिरे हेच डोळ्यांपुढे येतं. आपल्यातली बरीच घरं खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेनं इकडे आली आणि शहरातच रुजली. पण थोडी घरं शहराबाहेर शेतीकडे वळली. आमचं त्यातलंच एक, कामरेजचं. तापीच्या अलीकडे, काकरापारच्या कालव्याच्या पाण्यावरची जमीन. चहूकडे ऊस, मधूनमधून केळी आणि भाजीपाला.

जमीन आमची नाही बरं का. गुजरातेत शेतजमीन विकत घ्यायची तर कागदावर शेतकरी असावं लागतं. माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दोंडाईच्याहून सुरतेत आले आणि मिलमध्ये वायरमन झाले. ते कागदावरचे शेतकरी कुठून होणार? म्हणून एका पटेलकाकांची चार विघा जमीन आम्ही भागानं करतो. आमच्या स्वतःच्या नावावर होतं ते एकच, १८ हॉर्सपॉवरचा जुना मिनी ट्रॅक्टर. आप्पा मिलमधून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या फंडातून २०११ मध्ये ओलपाडकडच्या एका शेतकऱ्याकडून सेकंडहँड घेतलेला. तेव्हाच तो पंधरा वर्षांचा होता.

डिझेल ट्रॅक्टरची एक गंमत आहे. पेट्रोलच्या गाडीसारखी त्याला ठिणगी लागत नाही. एकदा इंजिन सुरू झालं की वायरिंग मेलेलं असलं तरी तो चालत राहतो. म्हणून आपल्याकडे लोक इंजिनचं ऑइल बदलतात, टायर बदलतात, वायरिंगकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. सेल्फ लागत नाही? कालव्याच्या ढाळावर उभा करा, सकाळी उतारावर सोडा, झाला सुरू. आम्हीही दोन हंगाम हेच केलं. दिवसा नांगरट, कोळपणी, सगळं व्यवस्थित व्हायचं.

अडचण रात्रीची होती. जानेवारीत आमची पापडी निघते. उत्तरायणाच्या आधीचा आठवडा म्हणजे सुरतेत घरोघरी उंधियू, आणि सुरती पापडीला वर्षातला सगळ्यात चांगला भाव तेव्हाच. माल पहाटे कामरेज चार रस्त्याला पोहोचवायचा, तिथून टेम्पोनं मार्केटला. म्हणजे साडेतीनच्या अंधारात, धुक्यात, ट्रॉली घेऊन हायवेच्या कडेनं जायचं. मागून ट्रक किती वेगानं येतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉलीला मागून धडक, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

२०१९ च्या जानेवारीत, उत्तरायणाला पाच दिवस राहिलेले असताना, होते नव्हते ते दिवेही गेले. चावी फिरवली की सेल्फचा 'टक' एवढाच आवाज, आणि डॅशवरचे दिवे विझायचे. हेडलाइट लावला तर पिवळा, मेणबत्तीसारखा. मागचे लाल दिवे तर बंदच.

मेकॅनिक आला. म्हणाला, अख्खं वायरिंग बदलावं लागेल, सेल्फही खोलावा लागेल, बारा हजार आणि आठ दिवस. वर हेही सांगून गेला, की एवढे पैसे घालण्यापेक्षा भंगारात द्या. हे (माझे यजमान) एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात रात्रपाळीला. ते वैतागून म्हणाले, "विकून टाकू आता. भाड्याचा टेम्पो शेतापर्यंत बोलवू." शेजारच्याचा सल्ला वेगळाच, ट्रॉलीला मागे मोबाइलची टॉर्च बांधून न्या म्हणे, चार दिवसांचा तर प्रश्न.

आप्पा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. हाताला कंप सुटल्यापासून दोन वर्षं त्यांनी पक्कड धरली नव्हती. एका डोळ्यात मोतीबिंदू. घरात साधा बल्ब बदलायचा तरी आम्ही म्हणायचो, आप्पा तुम्ही राहू द्या. फंडाच्या पैशाचा ट्रॅक्टर भंगारात द्यायची गोष्ट निघाली तेव्हाही ते बोलले नाहीत. फक्त टॉर्चचं ऐकल्यावर म्हणाले, "दिव्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर जाणार नाही. माल सडला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा धाकटा, तेव्हा बारावीत, उगाच चावी फिरवून बघत होता. चार-पाचदा 'टक टक' झालं. मग तो ओरडला, "आई, ही केबल तापलीय!" इंजिन बंद करायला जी खेचायची केबल असते ना, ती. तिचा विजेशी काही संबंध नसतो, नुसती लोखंडी तार असते.

आप्पा खाटेवरून उठले. "काय व्हयनं? कोणती केबल?" त्यांनी स्वतः हात लावून बघितला. मग मला म्हणाले, "पोरी, मीटर आण. माझे हात नाही चालणार, तुझे चालतील."

मी म्हटलं, "आप्पा, मला मिक्सरचा प्लग सोडून काही येत नाही."

"वाचता येतं ना? आकडा वाचायचा. बाकी मी सांगतो."

चार रस्त्यावरून अडीचशे रुपयांचा डिजिटल मीटर आणला. कामाला हात लावायच्या आधी आप्पांनी मला सोन्याच्या पाटल्या काढायला सांगितल्या आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्यायला लावलं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला की तो क्षणात लाल होतो, हात भाजतो. सासूबाई लगेच पुढे आल्या, "सवाष्णीचा हात मोकळा नको." आप्पा म्हणाले, "काचेच्या राहू दे की. काचेतून करंट जात नाही." दोघांचंही समाधान झालं.

आता मंडळी, पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण हे कोणाच्याही ट्रॅक्टरला, रिक्षाला, टेम्पोला उपयोगी पडेल.

पहिलं, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. मग बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर. आकडा आला १२.६. आप्पा म्हणाले, "पोट भरलेलं आहे. १२ च्या खाली असती तर उपाशी." मग मुलानं चावी फिरवली आणि मी आकडा बघत राहिले. १२.४. आप्पांनी मान हलवली. सेल्फ खरंच करंट खेचत असता तर आकडा दहा-अकरापर्यंत खाली आला असता. तो हललाच नाही, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, पण वाटेत कुठंतरी अडलं आहे.

"सगळे लोक करंट येतो कुठून तेच शोधतात," ते म्हणाले. "तो परत जातो कुठून ते कोणी बघत नाही." ट्रॅक्टरला घरासारख्या दोन-दोन वायरी नसतात. जायला वायर, आणि परतायला ट्रॅक्टरचं लोखंडी अंग. त्यालाच अर्थ म्हणायचं. ती परतीची वाट खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो. आमच्या ट्रॅक्टरमध्ये त्याला ती बिचारी बंद करायची केबल सापडली होती. एवढ्याशा तारेतून सेल्फचा करंट जाऊ लागला म्हणून ती तापली.

मग त्यांनी मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनस खांबावर ठेवायला लावली आणि लाल सुई इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चावी फिरवली. आकडा नऊच्या वर! खरं तर तिथं अर्धा व्होल्टही दिसायला नको. बारातले नऊ व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते, सेल्फच्या वाट्याला उरले तीन. मग लाल सुई एकेक टप्पा मागे आणली. बॅटरीची काळी केबल जिथं ब्रॅकेटला बसते तिथं ०.१, म्हणजे केबल ठीक. ब्रॅकेटपासून इंजिनपर्यंत एक चपटी, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी होती. तिच्या पुढच्या टोकाला पुन्हा नऊ.

दोष सापडला. पट्टीचं टोक ग्रीस, माती आणि कोणीतरी वरून मारलेल्या रंगाखाली लपलेलं. आधी बॅटरीचा मायनस सुटा केला (काढताना मायनस पहिला, लावताना मायनस शेवटी, हे आप्पांनी तीनदा सांगितलं) आणि नट खोलला. आतून हिरवी भुकटी पडली. आप्पांनी ती बोटावर घेतली आणि उजेडाकडे धरली. "हा ट्रॅक्टर २००६ च्या पुरात उभा राहिलेला दिसतो." ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर इथं कोण विसरेल! ओलपाडकडेही पाणी होतंच. खरं-खोटं तो ट्रॅक्टर जाणे.

नवी पट्टी, पॉलिशपेपर, नट-वायसर, वरून लावायला व्हॅसलिन. खर्च दोनशे रुपयांच्या आत. चावी फिरवली आणि दोन हंगामांनी सेल्फनं इंजिन फिरवलं. मुलानं शिट्टी मारली. आप्पा मात्र म्हणाले, "मागचे दिवे?"

फ्यूजचा डबा उघडला तर मागच्या दिव्यांच्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पीळ. आधीच्या कोणीतरी केलेला जुगाड. फ्यूज सारखा उडतो म्हणून तार घातली, की फ्यूज उडत नाही, वायरच वितळते. आमच्या वायरींचं आवरण तिथपासून पुढे हातभर चिकटून एक झालेलं होतं.

इथं आप्पांनी आपली पत्र्याची पेटी मागवली. तीत त्यांचा मिलमधला सिरीज बल्बचा होल्डर होता, दोन वायरी निघालेला. तुम्ही कोणी जुन्या वायरमनच्या हाताखाली काम केलं असेल तर ओळखाल. मिलमध्ये त्याला १०० वॅटचा बल्ब लावायचे. इथं आम्ही तसाच दुसरा होल्डर इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या २१ वॅटच्या बल्बसाठी केला. मागच्या दिव्यांतले बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडला. आता तो पेटायला नको, कारण पुढे करंट घेणारं काहीच नाही. पण स्विच टाकताच लख्ख पेटला. म्हणजे वायर वाटेतच कुठंतरी अंगाला टेकलेली. फ्यूज जळत राहण्यापेक्षा हे बरं. बल्ब मध्ये असल्यामुळे वायर तापत नाही, आणि दोष असेपर्यंत दिवा साक्ष देत राहतो.

मग मी एकेक जोड सोडवत गेले आणि आप्पा फक्त बल्बकडे बघत राहिले. मोतीबिंदूच्या डोळ्यालाही तो उजेड दिसत होता. सीटच्या खाली मडगार्डच्या भोकातून वायर जाते, तिथलं रबर कधीच गळून गेलेलं. मी वायर तिथं उचलली, आणि बल्ब विझला. सोडली, पेटला. पुन्हा उचलली, विझला.

आप्पा हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

वितळलेली वायर बदलली, भोकात नवं रबर घातलं, वर लवचीक पाइप चढवला आणि योग्य अँपिअरचा फ्यूज लावला. शेवटी आप्पांनी ट्रॉलीला वेगळी अर्थची वायर ओढायला लावली. ट्रॉलीचे दिवे जोडणीच्या खिळीतून अर्थ घेतात. खिळीला गंज चढला की दिवे खड्ड्याखड्ड्याला डोळे मिचकावतात. दोन दिवसांत सगळं मिळून खर्च साडेआठशे, मीटर धरून.

१२ जानेवारीच्या पहाटे ट्रॉली पापडीनं भरली. कारखान्यातून सुट्टी घेऊन हे चालवायला बसले. आप्पा शाल गुंडाळून रस्त्यापर्यंत आले आणि धुक्यात ते दोन लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत उभे राहिले. त्या रात्रीपासून विकायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

पुढे एक बदल झाला. वस्तीतले लोक मोटरसायकल, टेम्पो, पाण्याची मोटर घेऊन यायला लागले. आप्पा खाटेवर, मीटर माझ्या नाहीतर मुलाच्या हातात. गुजराती, मराठी, अहिराणी, समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत आप्पा विचारायचे, "पहिले सांग, कधी बंद पडलं आणि त्या आधी काय केलं होतं?" पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र प्यायला लावायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत होते, तेही त्याच उन्हाळ्यात आपणहून करून आले. म्हणाले, वायरीचे रंग नीट दिसायला हवेत.

ऑपरेशननंतर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमच्या ट्रॅक्टरच्या वायरिंगचा नकाशा काढला. कंप असलेल्या हातानं, रेषा थरथरलेल्या. कुठली वायर कुठून कुठं, रंग कोणता, फ्यूज किती अँपिअरचा, सगळं मराठीत. अर्थची रेषा सगळ्यात जाड, दोनदा गिरवलेली. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आम्ही टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

आपल्या घराघरात असे मिलमधून, लूमवरून, रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा आहेत. त्यांना "तुम्ही राहू द्या" म्हणण्याआधी एकदा मीटर आपल्या हातात घ्या आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवा. आणि हो, पाटल्या काढून ठेवा.