एक रुपयाची झुणका-भाकर

‘महागाई आम्ही आटोक्यात आणली’ असे नेते सांगतात तेव्हा त्यांचा शब्द कसा पारखावा, असे देवपुरातील आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे आम्हांस विचारतात. अशा वेळी आम्हांस १९९५ साल आठवते.

त्या वर्षी शिवसेना-भाजप युतीने पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षे स्थिर ठेवण्याचे व एक रुपयात झुणका-भाकर देण्याचे आश्वासन दिले होते. मार्चमध्ये मनोहर जोशी यांचे सरकार आले आणि झुणका-भाकर केंद्रे खरोखरच उघडली. मात्र भाकरीची किंमत एक रुपया झाली, म्हणून तिचा खर्च एक रुपया झाला नव्हता. वरचा भार सरकारी तिजोरीवर होता. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत हा हिशेब उघड मांडला गेला : शहरात थाळी ५० रुपयांची, त्यांपैकी १० ग्राहकाचे व ४० शासनाचे. भुकेल्याला अन्न देणे हे सत्कृत्यच होय. परंतु उरलेले पैसे कोण भरणार व किती वर्षे, हे विचारणे म्हणजे कृतघ्नता नव्हे.

दुसरी गोष्ट शब्दांच्या फसवेपणाची. १०० रुपयांची वस्तू एका वर्षी दहा टक्क्यांनी महागली, ११० झाली; पुढील वर्षी पाच टक्क्यांनी महागली, ११५ रुपये ५० पैसे झाली. महागाईचा दर निम्म्यावर आला, हे नेत्याचे विधान खरेच आहे. तथापि गृहिणीच्या हातून पैसे अधिकच गेले.

तिसरी गोष्ट, स्वस्ताई कोणासाठी? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. शहरातील ग्राहकाला जो दिलासा, तोच कांदा पिकवणाऱ्याला घाटा. आणि ज्याची मजुरीच वाढली नाही, त्याला स्थिर भावही परवडत नाहीत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो याच जाणिवेने.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : घरातील किराण्याची वही जपून ठेवावी, शेजारी मिळकतही लिहावी. सभेतील भाषणाशी ताडून पाहावयाची ती निवडणुकीच्या महिन्याची नव्हे, पाचही वर्षांची पाने. पक्ष कोणताही असो, माप मात्र एकच असावे.