वापरलेलं घे, पण पारखून

ती. दादास,


घरी व्यायामासाठी रोइंग मशीन घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि त्याच पैशांत नवं स्वस्त घ्यावं की कुणी वापरलेलं चांगलं घ्यावं, एवढाच प्रश्न अडला आहे. माझं मत ठाम आहे. नवं स्वस्त मशीन घेऊ नकोस. थोडं थांब, जमलं तर थोडे पैसे वर घाल, आणि पंख्याचं व साखळीचं वापरलेलं मशीन घे; त्यासाठी सुरतेला किंवा नाशिकला जावं लागलं तरी जा. जुन्या वस्तूची शिफारस मी सहसा करत नाही. जुना फ्रीज किंवा जुनी मोटर घेताना आतली झीज दिसत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. या यंत्राचं तसं नाही. त्यात झिजणाऱ्या वस्तू थोड्या, त्या बाहेरून दिसतात आणि बदलताही येतात.

हे का, ते यंत्र कसं चालतं यावरून कळेल. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या वल्हवणाऱ्या भावांनी १९८१ साली सायकलचं चाक वापरून आपलं असं पहिलं मशीन विकायला आणलं. त्यांची कंपनी कन्सेप्ट टू. आज जगभरच्या नौकानयन संघांत खेळाडूंची चाचणी याच मशीनवर होते. मूठ ओढली की साखळी चाक फिरवते, चाकाचे पंखे हवा कापतात, आणि त्या हवेचाच अडसर आपल्याला जाणवतो. जेवढ्या जोरात ओढशील तेवढा तो वाढतो. ना घासणारं ब्रेकपॅड, ना विजेचं कनेक्शन. मॉनिटर सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी व्यायाम थांबत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट मॉनिटरच्या हिशेबात आहे. दोन ओढींच्या मधल्या काळात चाक किती झपाट्याने मंदावतं, हे तो प्रत्येक वेळी मोजतो आणि त्यावरून अडसर किती आहे ते ठरवतो. मे महिन्यात आपल्याकडे नंदुरबारला पारा ४२ च्या पुढे जातो, हवा विरळ होते, अडसर थोडा घटतो. मॉनिटर ते धरूनच आकडा दाखवतो. म्हणून दहा वर्षं वापरलेल्या मशीनवरचे ५०० मीटर आणि नव्या मशीनवरचे ५०० मीटर यांची तुलना करता येते. स्वस्त मशीनवर ‘लेव्हल आठ’ म्हणजे नेमकं किती, हे कुणालाच सांगता येत नाही. इथे ५०० मीटरला अडीच मिनिटं लागली तर तू सुमारे १०४ वॉट ताकद लावलीस, आणि दोन मिनिटं लागली तर सुमारे २०३ वॉट. वेळ पाचव्या हिश्श्याने कमी करायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. आपण सुधारतोय की नाही, हे असं डोळ्यांसमोर दिसलं की माणूस व्यायाम टिकवतो, असं मला मनापासून वाटतं.

स्वस्त मशीनचे दोन प्रकार तुला दुकानात दाखवतील. एक तेलाच्या पिस्टनचं. ते वापरता वापरता तापतं, तेल पातळ होतं आणि विसाव्या मिनिटाला पहिल्या मिनिटाइतका जोर लागत नाही; शिवाय सील फुटलं की तेल गळतं. हा प्रकार जुनाही नको, नवाही नको. दुसरं चुंबकाचं. ते आवाज करत नाही, हा त्याचा खरा गुण. पण स्वस्त मशीनचा रूळ बहुधा आखूड असतो, उंच माणसाचे पाय पुरते सरळ होत नाहीत, आणि वर्षा-दोन वर्षांनी पट्टा किंवा बेअरिंग गेलं तर सुटा भाग मिळेलच याची खात्री नसते. कन्सेप्ट टू आपल्या जुन्या मॉडेलांचे भागही अजून विकते.

आता पारख. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात जाणता माणूस घोड्याचा रंग नंतर बघतो. आधी दात बघतो, मग चाल. तूही तसंच कर. आधी रुळावर बोट फिरव. स्टीलच्या पट्टीला खड्डा असेल तर सीट दर फेरीला तिथे ठेचकाळेल. काळा चिकट मळ असेल तर घाबरू नकोस, तो ओल्या फडक्याने निघतो. मग साखळी पूर्ण बाहेर ओढ आणि दिव्याखाली बघ: तांबूस गंज आहे का, एखादी कडी वाकूनच राहते का. मूठ हळूहळू सोड. ती शेवटपर्यंत आपोआप परत गेली पाहिजे. मध्येच लोंबकळली तर आतली रबरी दोरी सैल झाली आहे. तो भाग किरकोळ, पण किंमत पाडून मागायला कारण पुरतं. शेवटी हवा कमी-जास्त करणारी खिटी १० वर ठेवून मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे अडसराचा आकडा, बघ. स्वच्छ मशीनवर तो २०० च्या आसपास किंवा वर येतो. बराच खाली आला तर जाळीत धूळ भरली आहे. पंख्याचं कव्हर उघडून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला की ते काम होतं. रोजच्या व्यायामाला मात्र खिटी १० वर ठेवायची नसते. १०० ते १३० चा ड्रॅग फॅक्टर पुष्कळ झाला.

‘दुसऱ्याने टाकून दिलेलं आपण का घ्यावं?’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. घरगुती मशीन बहुतेक वेळा खराब झालं म्हणून विकलं जात नाही, पडून राहिलं म्हणून विकलं जातं. जिममधलं मात्र खूप वापरलेलं असतं, तिथे साखळी आणि सीटची चाकं दुप्पट काळजीने बघ. ‘इथे दुरुस्ती कोण करणार?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण साखळी, बेअरिंग, नट-बोल्ट यांपलीकडे त्यात फारसं काही नाही, सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ते समजेल. दर ५० तासांच्या वापरानंतर साखळी पुसून हलक्या तेलाचा हात द्यायचा. आपल्याकडे मिरचीच्या पथाऱ्या लागतात तेव्हा हवेतला खकाणा घरात येतो. त्या दिवसांत मशीनवर चादर टाकून ठेव. जागेचं म्हणशील तर लांबी आठ फूट, वजन २६ किलोच्या आसपास, आणि मधून सुटं होऊन दोन तुकडे होतात. टेम्पोत सहज येईल, भिंतीला उभंही राहील. आवाज मात्र होतो, जोराच्या वाऱ्यासारखा. पहाटे शेजारी झोपलेले असतील तर तो अडचणीचा आहे, हे मान्य.

‘चालायला काय पैसे पडतात?’ हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. चालणं सोडू नकोसच. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब चालण्यानेही पुरा होतो. पण पाठ, खांदे, दंड यांना चालण्यातून फारसं काही मिळत नाही, आणि उन्हाळा-पावसाळा धरला तर आपल्याकडे निम्म्या वर्षात चालण्यात खंड पडतो. मणिबेलीकडे नर्मदेच्या फुगवट्यात रोज होडी हाकणाऱ्याला या यंत्राची गरज नाही. खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या नंदुरबारकराला आहे. आणि वल्हवणं म्हणजे पाण्याकाठच्यांचं काम, हेही खरं नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, कोरडवाहू मुलखातला. सैन्यात गेल्यावर तो वल्हवायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदक जिंकलं.

पाठीची भीती वाटत असेल तर क्रम सोडू नकोस: ओढताना पाय, मग कंबर, मग हात; परतताना हात, कंबर, पाय. पाठीची जुनी तक्रार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचार. घरात येणारी-जाणारी मुलंही त्यावर बसतील. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि त्या आजारात अंगातलं पाणी कमी होऊन दमछाक झाली तर वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्याला तो आहे त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोर लावू देऊ नकोस.

मशीन बघायला जाशील तेव्हा अर्धा तास तरी बसून ओढल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मॉनिटरचे सेल बहुधा उतरलेले असतील. दोन मोठे नवे सेल सोबत ने, आणि जुने काढताना त्या खोबणीत पांढरट-हिरवा थर साचलाय का ते बघ. तो असेल तर मॉनिटर बदलावा लागेल असं धरूनच भाव कर.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ